चांगुणाचं टोपलं

वारंगा फाट्यावर हिंगोलीची बस अजून लागायची होती. पल्लवी चहाच्या हॉटेलासमोर उभी राहून स्वतःशीच पुटपुटत होती, "सहा वर्षं कुठं होतास? बोल ना!"

"नांदेडला," मागून कुणीतरी घाबरत म्हणालं.

ती गर्रकन वळली. खांद्याला झोळी, हातात कपबशी, डोळ्यांत हसू...

"तुम्हाला नाही विचारलं!"

"मग कुणाला? इथं तर दुसरं कुणीच..."

"माझ्या नाटकातल्या नवऱ्याला."

तो रविंद्र, नांदेडच्या एका शाळेतला शिक्षक. निघाला होता तिथंच, जिथं ती निघाली होती — नरसीच्या नाट्यलेखन शिबिराला. आठ लेखक, दहा दिवस, राहणं-जेवण तिथंच. काम एकच, अर्धवट नाटक पुरं करायचं. जे पुरं होईल त्याचं शेवटच्या दिवशी गावासमोर वाचन.

पल्लवीचं नाटक दोन वर्षं शेवटच्या प्रवेशात अडकलं होतं. चांगुणाला सोडून गेलेला नवरा सहा वर्षांनी परत येतो... पुढं काय? कुरुंद्याहून निघताना ती वडिलांना, आबांना, म्हणाली होती, "या खेपेला नाही झालं, तर वह्या माळ्यावर टाकते."

शिबिराचा एक नियम होता. सकाळी लिहायचं, दुपारी ते दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं — आणि लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. पल्लवीची पानं रविंद्रकडं आली. चांगुणाचं लांबलचक भाषण वाचता वाचता तो मध्येच थांबला, पाणी प्यायला, परत वाचू लागला. दारात स्वयंपाकाच्या आशाबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई लई बोलून राहिली. रागावलेलं माणूस एवढं बोलतं व्हय?"

संध्याकाळी पल्लवी रविंद्रवर उखडली. "मुद्दाम पाणी प्यायलात!"

"चांगुणालाच धाप लागली होती." मग तो जरा हळू म्हणाला, "पहिला अंक मात्र... मी तीनदा वाचलाय."

दुसऱ्या सकाळी ती चहा त्याच्या शेजारी बसून प्याली.

आठ दिवस गेले, शेवट येईना. नवव्या सकाळी दोघं शेजारच्या शेतात गेली. शिजवलेली हळद वाळत घालायचं काम चाललं होतं. हवेत तिचा ओलसर, उग्र वास. तिथं कामाला असलेल्या जनकाबाईंनी टोपलं गच्च भरलं. एवढं ओझं एकटीनं डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्या कुणी उचलू लागावं लागतं. रविंद्र लगबगीनं दोन्ही हात पुढं करून उभा राहिला. जनकाबाईंनी त्याच्या पलीकडं बघून हाक मारली, "मिने! ये गं, उचलू लाग." आणि त्याला म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सर, सांडून ठेवताल."

टोपलं डोक्यावर गेलं. रविंद्रचे हात तसेच.

"हलू नका!" पल्लवी ओरडली. "तसेच उभे राहा!"

"माझा अपमान होऊन राहिला आणि तुम्ही..."

"हाच शेवट आहे!" ती केव्हाच पळत सुटली होती.

दहाव्या दिवशी मांडव भरला. आबाही कुरुंद्याहून आले. चांगुणा वाचत होती शिबिरातली पुनम, नवरा रविंद्र. पल्लवी नियमाप्रमाणे गप्प, मुठी आवळून. नवरा परत येतो. तिचं भरलेलं टोपलं उचलू लागायला हात पुढं करतो. चांगुणा त्याच्या पलीकडं बघते आणि शेजारणीला हाक मारते, "ये गं, उचलू लाग."

नाटक संपलं. मागून जनकाबाईंचा आवाज, "बराबर केलं!" आणि टाळ्या. बाया उभ्या राहिल्या, मग सगळा मांडवच.

गर्दीतून वाट काढत रविंद्र आला. "माझं नाटक राहिलं अर्धवटच."

"काहून?"

"तुमचंच वाचत बसलो." तो अडखळला. "पुढंही वाचेन म्हणतो. म्हणजे... जन्मभर. चालेल?"

पल्लवीनं त्याची बाही धरून त्याला थेट आबांसमोर नेलं.

"आबा, हे रविंद्र. मला आवडतात."

आबांनी चष्मा पुसला, परत लावला आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्यो तर बायकूला सोडून पळालेला."

"ते नाटकात, आबा!"

"तेच इचारून राहिलो. नाटकातच ना?"

"नाटकातच!" दोघं एकदम म्हणाली.