चार मोकळे कोपरे

रविवार, दिनांक ८ डिसेंबर २०२४ रोजी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, उज्जैन येथील देवास रस्त्यावर, विहंगच्या कार्यशाळेच्या उघड्या फाटकात मृणाल स्कूटी थांबवून आकाशाकडे पाहत उभी राहिली. आकाशात एक घर होते. खिडकीला पडदा, दाराला तोरण — आणि खाली जमीन नाही!

"अहो मॅडम, मागे व्हा!" विहंग ओरडला. "डोक्यावर साडेचार टन आहेत."

"पडेल?"

"माझ्या हातचं आहे, पडणार नाही. पण तुम्ही हटा ना!"

मृणाल हटली, नजर मात्र हटेना. ज्या लोखंडी कंटेनरने वर्षानुवर्षे समुद्र ओलांडले, तोच आता समुद्र कधीही न पाहिलेल्या या नगरीत कुणाचे तरी घर होऊन क्रेनच्या साखळ्यांवर अधांतरी तरंगत होता, आणि त्याच्या खिडकीतला पडदा वाऱ्याने सहज हलत होता.

मृणाल बँकेत अधिकारी होती; आठ वर्षांतले हे तिचे चौथे गाव. भाड्याच्या भिंतीत साधा खिळा ठोकायलाही तिला परवानगी मागावी लागे.

"मला असंच घर हवंय," ती म्हणाली. "बदली झाली की बरोबर नेता येईल असं."

त्यानंतरचा प्रत्येक रविवार तिने कार्यशाळेत घालवला. छताच्या चार कोपऱ्यांना पंजा जाईल एवढी भोके असतात आणि क्रेनचे हूक त्यांतच अडकतात, हे विहंगने तिला पहिल्याच दिवशी, तिचा हात धरून दाखवले. हात सोडायला त्याला किंचित उशीर झाला.

"आणि ही बुजली तर?"

"तर काय… घर हलायचं नाही. चारचौघांच्या घरांसारखं घर."

खिडकीसाठी पत्रा कापायच्या दिवशी त्याने विचारले, "रुंदी किती ठेवू?"

"दोघांना एकदम बाहेर बघता येईल एवढी."

"दुसरं कोण?"

"तुम्ही मापं घ्या. चौकशा नकोत!"

एप्रिलात बदलीचा आदेश आला : जबलपूर. पंधरा दिवसांनी, घर उचलण्याच्या सकाळी, क्रेनचालक ओंकार छतावर चढला आणि तिथूनच ओरडला, "भैया, भोकं कुठायत? चारों पे प्लेट वेल्ड है!"

विहंगने मान खाली घातली. "मीच केलं… आदेश आला त्या संध्याकाळी."

"माझं घर अडवलंत तुम्ही?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून. हे तोंडानं सांगायचं होतं — ते जमलं नाही."

विहंग गॅस कटर घेऊन वर चढला. ठिणग्यांचा सडा पडला. एकेक करून चारही प्लेटा जमिनीवर आदळल्या. मग हूक लागले, साखळ्या ताणल्या गेल्या, आणि ते घर, तिचे घर, अलगद उचलले गेले. दोघांसाठी कापलेल्या त्या खिडकीतून पलीकडचे आकाश दिसत होते.

"तुमचं ऑफिससुद्धा कंटेनरच आहे ना?" वर पाहतच मृणालने विचारले.

"हो."

"सहा वर्षं जागचं हललेलं नाही. आणि लोकांना फिरती घरं विकता!"

"मृणाल…"

"जबलपूरलाही लोकांच्या बदल्या होतात, विहंग. तिथंही कुणीतरी लागेल."

विहंगने ओंकारकडे पाहिले. घर ट्रेलरवर टेकताच ओंकारने शिडी ऑफिसला लावली. वर चढून, धूळ झटकत, त्याने चारही कोपऱ्यांत हात घालून पाहिला.

"साफ हैं, भैया," तो म्हणाला. "उठ जाएगा."