टोपी उचल, ऑरिन

"सूऊऊऊ-ई! सूई, सूई, सूऊऊऊ-ई!"

गोलघरात कुणी नाही असं समजून मी डोळे मिटले होते आणि पोटातून, अगदी टाचांपासून आवाज काढला होता. तो छपरापर्यंत गेला, तिथल्या कबुतरांना उठवून खाली आला... आणि मग सगळ्यात वरच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,

"मी डुक्कर नाही. पण आलो तर चालेल?"

डोळे उघडले. पार वर, भिंतीला टेकून एक मुलगा उभा होता. काखेत पितळी पाट्यांचा खोका, आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरची हिरवी टोपी उचललेली. आमच्याकडचे म्हातारे चर्चच्या दारात उचलतात ना, तश्शी!

मागच्या वर्षी असं झालं असतं तर मी रिंगणातल्या भुशात तोंड खुपसलं असतं. शाळेत मला पहिल्यापासून 'भोंगा' म्हणतात. मी शेजारणीच्या कानात बोलले तरी फळ्यापाशी उभ्या बाई वळून बघतात. इतकी वर्षं मी तो आवाज गिळून बसले होते. मग या वसंतात डॉट आत्याने मला न विचारता माझं नाव हाकेच्या स्पर्धेत घातलं. डुकरांना हाक मारायची स्पर्धा. हसू नका, आमच्याकडे तिला मान असतो! जिल्ह्यात मी पहिली आले, आणि त्या दिवसापासून माझी मान जी वर झाली ती झालीच.

"मी डुकरांनाच बोलावत होते," कमरेवर हात ठेवून मी म्हणाले. "तू कोण?"

"ऑरिन. ऑरिन स्कोग."

हात कमरेवरून आपोआप खाली आले.

स्कोग! म्हणजे आमचं गोलघर ज्याच्या टोपीवर टांगलेलं होतं, तो हाच.

तसं गोलघर म्हणजे राज्याच्या जत्रेच्या मैदानातली सगळ्यात जुनी इमारत. विटांची गोल भिंत, वर लाकडी घुमट, मध्ये भुशाचं रिंगण आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेले बाक. गाई-बैलांचे निकाल इथेच लागतात. माझ्या आईने आपलं पहिलं वासरू इथेच फिरवलं, आणि त्या वासराने बाबांच्या पायावर पाय दिला म्हणून तर मी आहे! पण छप्पर गळायला लागलं. राज्याचं पत्र आलं: जत्रेच्या शेवटच्या रविवारपर्यंत दुरुस्तीचे पैसे उभे करा, नाहीतर कुलूप. आणि कुलपानंतर तिथे गाड्या लावायला जागा.

डॉट आत्या बचाव समितीची अध्यक्ष. म्हणजे मी समितीची हमाल. आम्ही कणसं भाजून विकली, लेमोनेड विकलं, बाकसुद्धा विकले – पैसे देणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी बाकावर. तरी निम्मेच जमले. उरलेले निम्मे एकट्याने देऊ शकेल असा माणूस एकच, बियाण्यांचे व्यापारी एल्डन स्कोग. ते समितीच्या बैठकीत म्हणाले, "ती इमारत मेलीय. तिथे आवाज नुसता घुमतो, माणसाचा शब्द पोचत नाही. माईक न लावता एक वाक्य या टोकाचं त्या टोकाला पोचवून दाखवा, बाकीचे पैसे माझ्याकडून."

आत्याने टेबलावर थाप मारली. "माझी भाची पोचवेल!"

"माझे कान गेलेत," म्हातारा म्हणाला. "वरच्या बाकावर माझा नातू बसेल. शब्द कळले तर टोपी उचलेल. तो खोटं बोलत नाही. धंद्याच्या दृष्टीने दोषच आहे तो, पण काय करणार."

तर असा हा निर्दोष नातू पायऱ्या उतरून माझ्यासमोर आला होता. पाट्या बसवायला आजोबांनीच पाठवलेला. नाकावर ठिपके आणि कान मोठे... चांगलेच मोठे.

"एवढे कान असून ऐकू नाही आलं तर देवाचाच दोष," मी म्हणाले.

"तुझी हाक ऐकायला कान कशाला हवेत? ती दातांत ऐकू येते."

झालं. मला तो तिथेच आवडला. अर्थात मी तसं दाखवलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी तालीम. मी रिंगणात, तो वर. मी वाक्य ओरडायची आणि त्याच्या टोपीकडे बघत राहायची. टोपी जागची हलायची नाही.

"आवाज आला," तो वरून सांगायचा. "शब्द नाही आले."

"आता?"

"आता आणखी मोठा आवाज आला."

"अरे, मी 'डॉट आत्या जिंदाबाद' म्हणाले!"

"मला 'ऑट-ऑट-आत-बाद' ऐकू आलं. काही खायचं आहे का ते?"

मग तो खाली यायचा, एका लेमोनेडमध्ये दोन नळ्या टाकून आम्ही पायरीवर बसायचो. त्याचा गुडघा माझ्या पिवळ्या गमबुटाला लागायचा... आणि दोघंही न लागल्यासारखं करायचो. पण मी जितकी जोरात ओरडत होते, तितका शब्दांचा लगदा होत होता. रविवार जवळ येत होता.

बुधवारी मी विचारलंच. "ऑरिन... समजा, रविवारी शब्द नाही कळले. तरी उचलशील ना टोपी?"

त्याने नळी तोंडातून काढली. "नाही."

"एवढीशी टोपी रे! कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल. आजोबांनी माझ्या शब्दावर सोडलंय, जूनी."

"आणि इमारत पाडली तर? माझ्यासाठीसुद्धा नाही उचलणार?"

"तुझ्यासाठी तर नाहीच," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "तू जिंकलीस तर खरी जिंकायला हवीस."

"राहा मग आपल्या खरेपणाशी गप्पा मारत!" मी उठले. लेमोनेड त्याच्या बुटांवर सांडलं. मी सॉरीसुद्धा म्हणाले नाही.

गुरुवारी पाऊस होता. उरलेल्या पाट्या बसवायला आम्ही दोघंच, पण तो एका टोकाला आणि मी बरोब्बर समोरच्या टोकाला, दोघंही सगळ्यात वरच्या रांगेत. मधे अख्खं रिंगण. छपरातून गळणारं पाणी बादल्यांत टप... टप... मी त्याच्याकडे बघत नव्हते. म्हणजे, पाटीच्या पितळेत बघत होते. त्यात तो दाण्याएवढा दिसत होता, वाकून स्क्रू पिळताना.

मला एकदम रडू आलं. तोंड लपवायला मी भिंतीकडे वळले. गाल विटांना टेकवला – गार, ओलसर विटा – आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "ऑरिन स्कोग, तू खडूस आहेस. आणि मला तू फार... फार आवडतोस."

भिंतीला सांगितलं, बस्स. कुणाला तरी सांगायला हवं होतं.

खण्ण! पलीकडे त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर सुटला आणि एकेका बाकावर आपटत पार रिंगणात गेला. मी वळून बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. मग त्याने टोपी दोन्ही हातांनी खाली ओढली, डोळ्यांपर्यंत, आणि पायऱ्या उतरून निघून गेला.

वेंधळा कुठला, मी मनात म्हणाले.

रविवारी गोलघर खच्चून भरलं. काडीवरच्या सॉसेजचा, ओल्या कोटांचा आणि गाईंचा वास एकमेकांत मिसळलेला. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. बाकाबाकांमध्ये बादल्या ठेवलेल्या. वर, टोकाच्या बाकावर एल्डन स्कोग आतच छत्री उघडून बसलेले – टोमणाच तो, न बोलता मारलेला! शेजारी ऑरिन. टोपी घट्ट. तोंड पांढरं.

"तीन हाका," आत्याने जाहीर केलं. मग माझ्याजवळ येऊन पुटपुटली, "पोरी, छातीत वारा भर आणि दे दणका."

मी भरला. "गोलघर आपलं आहे! ते वाचवा!"

आपलं-पलं-लं-लं... वाचवा-चवा-वा... घुमटाने माझे शब्द चावून चोथा केला. सगळ्यांच्या माना वर वळल्या. ऑरिनने हळूच मान हलवली. नाही.

दुसऱ्यांदा तर मी इतकी ओरडले की डोळ्यांपुढे काजवे चमकले. खालच्या गोठ्यातली गाय हंबरली. टोपी जागच्या जागी.

"अरे उचल की, पोरा!" कुणीतरी खेकसलं.

"डोक्याला चिकटलीय काय रे?"

"आजोबांचे डॉलर वाचवतोय बघा!"

 त्याने टोपीचं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. सगळं मैदान त्याच्यावर उलटलं होतं आणि तो बघत होता फक्त माझ्याकडे... जणू म्हणत होता, जूनी, कर ना काहीतरी, मला खरं बोलून तुला जिंकवू दे.

आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हरची लाल मूठ डोकावत होती.

स्क्रूड्रायव्हर!

तो असाच नव्हता पडला. मी 'आवडतोस' म्हणाले आणि तो पडला. लगेच. खण्ण!

 त्याने ऐकलं असेल, म्हणजे माझी कुजबुज गोल भिंतीवरून फिरत त्याच्यापर्यंत गेली असेल, तर ही इमारत जिवंत आहे, फक्त ओरडणाऱ्यांशी बोलत नाही. पण ऐकून टोपी खाली ओढली असेल, तर माझं उत्तर मला गुरुवारीच मिळालं होतं. आणि ऐकलंच नसेल, तर दोन्ही गेलं. शेवटची हाक, दुसरी वाट नाही.

मी रिंगणाबाहेर पडले आणि समोरच्या पायऱ्या चढायला लागले.

"जूनी! अगं, कुठे निघालीस?" आत्या ओरडली.

"भोंगा पळाला!" मागून आमच्या वर्गातलंच कुणीतरी.

मी चढत राहिले. गमबुटात पाणी पचक-पचक वाजत होतं. सगळ्यात वरच्या रांगेत पोचले. समोर, रिंगणाच्या पार पलीकडे, तो. मी ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांकडे बघत उभी राहिले. उभीच राहिले. हळूहळू कुजबुज विरली. आत्याने एका पोराच्या हातातली कुरकुरीत पिशवी काढून घेतली. पाऊससुद्धा ओसरला. टप... टप...

मी गाल विटांना टेकवला. भोंगा म्हणतात ना मला? तो भोंगा आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू बोलला की शेजारच्या बाकावरच्या बाईंनाही कळलं नाही.

"ऑरिन... गुरुवारी मी जे म्हणाले, ते तू ऐकलंस ना? ऐकलं असशील तर टोपी उचल. नसेल... तर राहू दे. मी रागावणार नाही."

 एक टप. दुसरा टप.

मग त्याचा हात वर गेला. आणि टोपी उचलली गेली – पूर्ण, केस विस्कटून, डोक्यावर हातभर उंच!

गोलघर दणाणलं. पण एल्डन स्कोग उठले. छत्री बाकावर आपटली. "गप्प! आम्हाला तर काही ऐकू आलं नाही. काय म्हणाली ती?"

 ऑरिन उभा राहिला. "तिने विचारलं, गुरुवारी ती जे म्हणाली ते मी ऐकलं का."

"आणि ऐकलं होतंस?"

"हो, आजोबा. इथेच, या भिंतीपाशी. एकूण एक शब्द."

"मग तेव्हा टोपी का नाही उचललीस?"

"ती माझ्याशी बोलत नव्हती. भिंतीशी बोलत होती." त्याने टोपी हातात चुरगळली. "दुसऱ्याचं चोरून ऐकलेलं आपलं म्हणून कसं सांगायचं?"

"काय म्हणाली होती, बोल. नाहीतर मी कसा मानू?"

ऑरिनने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या पैशांसमोर तो मला विचारत होता: सांगू? आणि मला माहीत होतं, मी मान हलवली तर तो गप्प बसेल, छप्पर जाईल, तरी गप्प बसेल.

मागच्या वर्षीची जूनी बाकाखाली शिरली असती. मी हनुवटी वर केली आणि जोरजोरात मान डोलावली.

"ती म्हणाली," त्याचा आवाज फाटला, "की मी खडूस आहे. आणि मी तिला फार आवडतो. फार हा शब्द दोनदा."

हशा, शिट्ट्या, बादल्यांवर थापा! म्हाताऱ्याने माझ्याकडे वळून हात तोंडाभोवती धरले. "पोरी, खरं का हे?"

"अगदी शब्दन् शब्द, मिस्टर स्कोग!" यावेळी मात्र मी ओरडले. घुमटाने माझं वाक्य चावून टाकलं, पण कळायचं ते कळलं.

एल्डन स्कोगनी छत्री मिटली. "डॉट, छपराचं काम करणाऱ्यांना बोलव," ते म्हणाले. "आणि माझी पाटी या पोराच्या बाकावर नको. त्याला ती जागा दोन नावांसाठी लागेल."

खाली आत्या कुणाला तरी मिठी मारून रडत होती. टोप्या हवेत उडत होत्या. त्या गोंधळात मला फक्त एवढं दिसलं, की समोर ऑरिनने पाठ फिरवली. गेला? नाही. त्याने गाल विटांना टेकवला होता.

मी झटकन कान लावला. गार, ओली भिंत. आणि तिच्या आतून, पूर्ण रिंगणाला वळसा घालून, त्याचा श्वास आला – आणि श्वासाबरोबर शब्द, एकही न सांडता.

"जूनी... आलो तर चालेल?"

उचलायला माझ्याकडे टोपी नव्हती. मी एका पायावर उभी राहिले, चिखलाने माखलेला पिवळा गमबूट काढला, आणि हात जाईल तितका उंच धरला.