तीनच बटणं

ईस्टरच्या आदल्या दुपारी ओर्लिंडा दुकानात गाडीच्या स्टिरिओसाठी बटणं घ्यायला गेली. पोलादी, करंगळीच्या पेराएवढी, दाबली की कट्कन वाजणारी. एस्पान्योला गावात असल्या वस्तूंना तोटा नाही. इथले निम्मे पुरुष जुन्या लांबलचक गाड्या रस्त्याला घासतील इतक्या खाली बसवतात आणि एक कळ दाबून त्यांना घोड्यासारख्या उभ्या करतात.

"चार देऊ ना, ताई?" दुकानदाराने विचारलं. "आवाज वाढवायचं, कमी करायचं, बंद करायचं, आणि पुढचं स्टेशन."

"तीनच. वाढवायचं नको."

"मग आवाज वाढवणार कसा?"

"वाढवायचाच नाहीये!" ती म्हणाली, ते इतक्या जोरात की शेजारच्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं.

तिचा नवरा एपिमेनियो, म्हणजे एपी, गेल्या पानगळीत गेला, तेव्हापासून लोक तिच्याशी हळू आवाजात बोलत. त्यांना वाटे, बाई दुःखात आहे. दुःख नव्हतं; संताप होता, आणि तो रोज सकाळी तिच्याआधी उठून बसत असे.

एपीने गाडीच्या स्टिअरिंगवर चार बटणं बसवली होती. आवाज वाढवायचं नेमकं उजव्या अंगठ्याखाली. ती बोलू लागली की तो अंगठा हले. शिवी नाही, मारहाण नाही. नुसता अंगठा. गाण्याचा लोंढा यायचा आणि तिचं वाक्य त्यात वाहून जायचं.

आणि वाक्य तरी कुठलं? एकच. त्यांचा मुलगा दामासो नदीच्या वळणावर गाडी उलटून मेला. एपीने साऱ्या खोऱ्याला सांगितलं की पोरगा पिऊन एकटाच गाडी चालवत होता. पण त्या रात्री एपी चिखलाने भरलेला, पायी घरी आला होता. त्याच्या छातीवर स्टिअरिंगचा अर्धगोल निळा वळ उठलेला ओर्लिंडाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. दामासोची बायको मार्लेना मात्र तेव्हापासून दारुड्याची विधवा म्हणून मान खाली घालून वावरत होती. सुनेशी बोलायला सवड मिळे ती याच गाडीत, आणि गाडी चालवायचा एपी.

उद्या मिरवणूक होती. गाड्यांना पाद्रीबाबांचा आशीर्वाद मिळायचा. एपीच्या गाडीच्या दारावर त्याचा हसरा चेहरा रंगवून झाला होता. धाकटा दीर लालो याने ठरवून टाकलं होतं की मार्लेनाने त्या चेहऱ्यापुढे उभं राहून, नवऱ्याच्या वतीने, सगळ्यांसमक्ष क्षमा मागायची. म्हाताऱ्याला पोराने दिलेल्या दुःखाबद्दल!

एपी गेल्यावरही तिच्या तोंडून निघालं नव्हतं ते वाक्य आज बोलायलाच हवं होतं, त्याच गाडीत, त्याच्या त्या बटणाशिवाय.

ती स्टिअरिंगखाली डोकं घालून, पाय दाराबाहेर काढून काम करत होती, तेव्हा लालो गव्हाची खीर घेऊन आला.

"वहिनी, हे काय चालवलंय? मेलेल्या माणसाच्या गाडीला आशीर्वादाआधी हात लावत नाहीत आपल्यात. दादाने जोडलेली तार तोडायची नसते."

"दादाला सांगा येऊन जोडायला."

"जिभेला काही हाड?"

"इतकी वर्षं जीभ वापरायला मिळाली नाही, भावजी. कोरी करकरीत आहे. खीर ठेवा आणि निघा."

तो पुटपुटत गेला. वाऱ्याने पत्र्याच्या छपरावर वाळू चाळल्यासारखा आवाज येत होता. ओर्लिंडाने स्टिअरिंगमधून येणारी तार कापली आणि तिचं टोक चिकटपट्टीने गुंडाळलं. तिची तीन बटणं सीटच्या बाजूला, तिच्या हाताशी बसली. सोल्डरचा गोडसर धूर नाकात गेला. सगळी बटणं एकाच तारेवर असतात. प्रत्येकाचा विजेला होणारा विरोध वेगळा, त्यावरून स्टिरिओ ओळखतो की कुठलं बोट काय मागतंय. पण आधी त्याला शिकवावं लागतं. एकेक बटण दाबायचं आणि त्याने मान्य करेपर्यंत थांबायचं.

पहिलं मान्य. दुसरं. तिसरं.

स्टिरिओच्या काचेवर अक्षरं उमटली: चौथं मान्य.

तिने हात वर धरले. दोन्ही. रिकामे. तुटक्या तारेवरची पट्टी पुन्हा घट्ट केली, सगळं पुसून पुन्हा शिकवलं. पुन्हा चौथं मान्य. गाडीत एपीच्या आफ्टरशेव्हचा वास आला, आणि तिला भीती वाटायच्या आधी राग आला.

"उतर माझ्या गाडीतून," ती म्हणाली.

स्टिरिओचा आवाज एका टप्प्याने वाढला.

फाटक वाजलं. मार्लेना आली होती, हातात उद्यासाठी इस्त्री करून आणलेला काळा झगा.

"आई, बोलावलंत?"

"बस इथं, गाडीत. दामासोबद्दल सांगायचंय. त्या रात्री…"

खरखरीचा लोंढा आला. ओर्लिंडाने कमी करायचं बटण दाबलं. आवाज उतरला.

"त्या रात्री गाडी…"

पुन्हा. या वेळी खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तिने बंद करायचं बटण दाबलं, दाबून धरलं, नख मोडलं. आवाज चढतच होता. मग तिने पक्कड घेतली, स्टिरिओच्या कडेला घातली आणि दात उपटावा तसा तो अख्खा उपटला. तारा लोंबकळल्या. पुढे जाऊन तिने बॅटरीही सोडवली. स्टिरिओ अंगणातल्या दगडावर आपटला. तो फुटेपर्यंत आपटला. मग घाम पुसून गाडीत येऊन बसली.

शांतता. वारासुद्धा पडला होता.

"ऐक, पोरी. दामासो प्यायलेला नव्हता. गाडी तो चालवत नव्हता. तुझा सासरा चालवत होता. त्याच्या छातीवरचा वळ मी पाहिलाय. तुला कुणाची क्षमा मागायची नाही. सगळ्यांनी तुझी मागायची."

बोलून झालं. एवढंसंच होतं ते. इतक्या वर्षांचं ओझं, आणि एका श्वासात संपलं. ओर्लिंडाला रडू येईलसं वाटलं.

मार्लेना तिच्या ओठांकडे बघत होती. कपाळाला आठ्या.

"आई," ती जवळजवळ ओरडून म्हणाली, "आधी ते कमी करा ना! तुम्ही काय बोलताय, एक अक्षर कळत नाहीये!"

"काय कमी करू? काही चालू नाहीये… मार्लेना?"

मार्लेनाने कानांवर हात ठेवले. तिचा पाय मात्र गाडीच्या तळावर ताल धरत होता.

ओर्लिंडाने तिला मनगटाला धरून बाहेर ओढलं, फाटकाबाहेर, रस्त्यावर. तिथं सगळा गळा फाडून तिने ते वाक्य पुन्हा सांगितलं. तिचा स्वतःचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून स्वच्छ परत आला.

समोरची खिडकी उघडली. म्हातारा सिप्रियानो डोकं बाहेर काढून, हाताने खाली-खाली अशी खूण करत, खेकसला:

"अहो बाई, उद्या सण आहे, कबूल! पण जरा हळू लावा की ते गाणं!"

आणि धाडकन खिडकी लावून घेतली.