निवांत पट्टी

त्या वर्षी मिरजेत दर दुसऱ्या बाईच्या कानामागे नखाएवढी एक पट्टी चिकटलेली असे. तिचं नाव ‘निवांत’. एका शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराचा खटला तेव्हा वाहिन्यांवर दिवसभर चाले. तोच तपशील, तेच लाल बाण, तेच कर्कश संगीत. बघणाऱ्यांची झोप उडाली, आणि डॉक्टर ही पट्टी देऊ लागले.

पाळणाघर चालवणाऱ्या कुंदा साळवीनं ती दोन महिन्यांपूर्वी घेतली. त्याआधी तिला जगातला प्रत्येक पुरुष संशयित वाटे. गॅसवाल्याला ती सिलिंडर दाराबाहेर ठेवायला लावी आणि धापा टाकत स्वतः आत ओढी. सख्ख्या मेव्हण्याला चहा दिला, तोही उंबऱ्याबाहेर. पट्टी लावल्यावर मेव्हणा सोफ्यावर बसू लागला.

तिच्या पाळणाघराचा एक नियम होता. न्यायला आलेल्या माणसाला मूल आपणहून हात देतं का, ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. गुरुवारी वही भरताना तिनं सहज मागची पानं उलटली. चार वर्षांच्या ऋतापुढे सलग नऊ दिवस तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘हात दिला नाही.’

आईची कामाची पाळी बदलल्यापासून ऋताला न्यायला तिच्या घराच्या वरच्या मजल्यावरचे काका येत. हसतमुख माणूस, सगळ्या पोरांना गोळ्या वाटणारा. ऋता हात पाठीमागे लपवी. कुंदाच तो ओढून काढी आणि काकांच्या हातात देई. ‘लाजते हो जरा!’

कुंदानं ती नऊ पानं पुन्हा वाचली. छातीत काहीच झालं नाही. आता तिला संशय आला तो स्वतःच्या शांतपणाचा.

शुक्रवारी दुपारी ती डॉ. टिळेकरांसमोर बसली.

“डॉक्टरबाई, मला भीती वाटत नाही.”

“मग पेढे द्या की!”

“वाटायला हवी तिथंही वाटत नाही.”

डॉक्टरांचं हसू मावळलं. “असं बघा. मेंदूत धोक्याची एक घंटा असते. सारखं तेच बघून ती पडद्यावरच्या संकटालाही वाजायला लागते. पट्टी त्या घंटेची लहर ओळखते आणि उलटी लहर सोडून तिला दाबते.”

“म्हणजे टीव्ही कुठला नि दार कुठलं, हे तिला कळत नाही?”

“तुमच्या मेंदूला तरी कुठं कळत होतं? म्हणून तर आलात. बातम्या संपल्या की पट्टी काढायची, पाकिटावर लिहिलंय.”

“बातम्या संपतात कधी, बाई?”

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी टेबलावरची घंटी वाजवली.

परतताना रिक्षातच तिनं पट्टी उपटली. दोन महिन्यांची थरथर एकदम अंगावर आली. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं, तरी तिला घाम फुटला.

पाच वाजता काका आले. ऋताचे हात पाठीमागे.

“आज तिची आईच येईल न्यायला,” कुंदा मधे उभी राहिली.

“काय कुंदाताई, तुम्ही फार बातम्या बघता वाटतं!” काका हसले. नेहमीसारखंच.

असेलही निव्वळ लाजणं. असतीलही काका देवमाणूस. तिनं दार लावलं, कडी घातली आणि ऋताच्या आईला फोन लावला.

“वैशाली, पोर नऊ दिवस त्यांना हात देत नाहीये. अगं, माझ्याच वहीत लिहिलंय. मीच ढकलत होते तिला!”

“हो का?” पलीकडचा आवाज साईसारखा मऊ होता. “बरं झालं सांगितलंत, मावशी. पण जाऊ दे ना त्यांच्याबरोबर. मला काही तसं वाटत नाही.”

“तुला वाटतच नाहीये, वैशाली! आधी ते कानामागचं काढ!”

“कशाला? किती छान झोप लागते आता.”

बाहेरून काकांनी बेल वाजवली. कुंदाचे हात थरथरत होते. त्या थरथरीतली बातमीची किती आणि खरी किती, ते तिला सांगता आलं नसतं. तेवढ्यात एक लहान, घामेजलेला हात आपणहून तिच्या हातात शिरला.

“मावशी, ऐकताय ना?” फोनवर वैशाली समजुतीनं म्हणाली. “तुम्हीही परत लावा बरं ती पट्टी.”