आईला सांगायचं राहिलं

बाबांनी शेगडीवर वर्तमानपत्र ठेवलं आणि ते करपलं, म्हणून आम्ही विजेची शेगडी काढून गॅस घ्यायचं ठरवलं. म्हणजे, मी ठरवलं.

"मी लावलीच नव्हती," बाबा म्हणाले.

"मग काय, आपली आपण तापली?"



त्या शेगडीची खोड घरात सगळ्यांना माहीत होती. तिची काळी तबकडी तापली तरी काळीच राहायची, नुसतं बघून काही कळायचं नाही. म्हणून आई भांडं ठेवण्याआधी तबकडीच्या बोटभर वर तळहात धरून पाहायची. पीठ मळता मळता उठली, तर पिठाच्याच हाताने. कितीदा सांगितलं, अगं, बटण बघ ना. ती म्हणायची, बटण खोटं बोलतं, हात नाही.

ती गेल्यापासून घरात पीठ आलेलं नाही. बाबांचं जेवण बाहेरून येतं. शेगडीवर होतो तो फक्त चहा.

गॅसवाला सकाळीच आला. आधी त्याने जुन्या शेगडीची वायर तोडली, मग नळीसाठी भिंतीला भोक पाडत बसला. दुपारी शेगडी उचलायला गेला आणि त्याने झटकन हात मागे घेतले.

"काका, या शेगडीबाई अजून तापलेल्याच आहेत की!"

"ऊन आलं असेल खिडकीतून," मी म्हटलं.

त्याने खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता. फडकं गुंडाळून त्याने शेगडी बाल्कनीत नेऊन ठेवली.

सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती नाही ना हे त्याने तपासलं आणि बर्नर पेटवला. निळी ज्योत गोल उभी राहिली.

"बघा बाबा, आता पेटलंय की नाही ते डोळ्यांना दिसतं. काळजी मिटली."

"आपल्याला दिसतं गं," बाबा ज्योतीकडे बघत म्हणाले. "पण तिला कोण सांगणार? ती सवयीने हात धरेल."

गॅसवाल्याने मान खाली घालून हत्यारं पिशवीत भरली. एकटं माणूस बोलतं असं काहीबाही, एवढंच माझ्या मनात आलं.

दिवेलागणीला मी चहा ठेवायला गेले. स्वयंपाकघरात पाण्याखाली असावा तसा उजेड होता, मऊ आणि हलका. भांड्यांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. दिवा लावावासा वाटेना. मी बर्नर पेटवला आणि पातेलं हातात धरून उगाच त्या निळ्या गोलाकडे बघत राहिले.

ज्योत मधोमध दबली.

खिडकी बंद होती. पंखा बंद होता. माझा श्वाससुद्धा थांबला होता.

वरून काहीतरी आडवं धरावं तशी ती दबली आणि बाजूंनी पसरली. मग तिच्या बारीक निळ्या जिभा वर आल्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. बोटांच्या फटींतून याव्यात तशा.

कोणीतरी दातांतून श्वास आत ओढला.

ज्योत पुन्हा सरळ झाली.

"बंद कर!" बाबा दारात उभे होते. "आधी बंद कर गं!"

मी बटण फिरवलं. बाबांनी मोठा वाडगा घेतला, नळाच्या गार पाण्याने भरला आणि गॅसशेजारी ओट्यावर ठेवला.

"चल, बाहेर बसू," ते हळूच म्हणाले. "भाजलं तरी ती कोणासमोर दाखवत नाही. माहीत आहे ना तुला?"

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. आतून पाणी हलल्याचा एक बारीक आवाज आला, मग तोही थांबला.

"जा आता," बाबा म्हणाले.

मी आत जाऊन दिवा लावला. वाडग्यात बोट बुडवलं. पाणी कोमट झालं होतं.

त्यावर पिठाचा पातळ तवंग तरंगत होता.