चाकं खाली

चाकोबांनी बत्तीस वर्षं पगार घेतला तो विमानांची चाकं बघण्याचा. थट्टा नाही. लष्करी विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकाला काचेची खोली होती. तिच्यात एक खुर्ची, एक फोन आणि एक लाल बावटा. उतरायला आलेल्या विमानाच्या पोटाखाली चाकं बाहेर आली आहेत का, ते बघायचं. आली असतील तर फोनवर दोनच शब्द बोलायचे, ‘चाकं खाली’. नसतील तर बावटा दाखवायचा. मग वैमानिक विमान वर उचली आणि एक फेरी मारून पुन्हा येई. बत्तीस वर्षांत त्यांनी बावटा अकरा वेळा दाखवला, उगाच एकदाही नाही. याचा त्यांना गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. चाकोबा हे नाव तिथलंच, आणि ते घरापर्यंत आलं.

बायको रोज संध्याकाळी दार उघडताना विचारी, “काय हो, होती का सगळ्यांना चाकं?”

तिला अर्धांगाचा झटका येऊन आता आठ महिने झाले होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी हलत. चाकोबा तासन्‌तास तो हात धरून बसत. डॉक्टरांनी लेकीला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात काय ते सांगितलं होतं, पण चाकोबांचे कान अजून शाबूत होते. फार दिवस नाहीत, एवढं त्यांना कळलं होतं. तिच्याशिवाय आपलं काय, हे मात्र अजिबात कळत नव्हतं.

पलंगाशेजारी फळीवर एक जुना रेडिओ होता, विमानतळाच्या भंगारातून आणलेला. तो गाणी लावत नसे. विमानांना वाट दाखवणाऱ्या लांब लहरी तेवढ्या त्याला ऐकू येत, आणि त्या जिकडून येत तिकडे तबकडीवरचा काटा वळे. पूर्वी समोरच्या टेकडीवरचा खांब रात्रंदिवस एकच खूण पाठवी. एक लांब, दोन आखूड, दोन लांब. तिच्या मागानं विमानं घरी येत. खांब सहा वर्षांपूर्वी कापून नेला. तेव्हापासून रेडिओत नुसती खरखर, पण त्या आवाजानं बायकोला झोप लागे म्हणून दुपारी तो चालू असे.

सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी त्या खरखरीतून खूण आली. एक लांब, दोन आखूड, दोन लांब.

कान म्हातारे झाले, असं म्हणून चाकोबांनी काट्याकडे पाहिलं. टेकडी खिडकीबाहेर होती. काटा पलंगाकडे होता. त्यांनी रेडिओ उचलून पलंगाच्या पलीकडच्या खुर्चीवर ठेवला. काटा डुलला आणि पुन्हा पलंगाकडेच येऊन थांबला. ते येऊन बसले, बायकोचा हात हातात घेतला. ती डोळे मिटून पडली होती. तिचं बोट त्यांच्या तळव्यावर दाबलं गेलं. एकदा बराच वेळ, दोनदा नुसतं टेकून, मग पुन्हा दोनदा बराच वेळ.

खोलीत अंधारून आलं. चाकोबा गच्चीवर धावले.

विमान घरावरून जात होतं. दोन शेपट्यांचं, मोठ्या पोटाचं मालवाहू. त्या जातीची सगळी विमानं चाकोबांच्या डोळ्यांदेखत भंगारात कापली गेली होती. शेपटीवर क्रमांक नव्हता. आवाज नव्हता. तारेवरची कबुतरं जागची हलली नाहीत. चाकं आत होती.

लेकीनं विमानतळावरच्या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन केला. धावपट्टी दुरुस्तीला काढली आहे, आठवडाभर एकही उड्डाण नाही, असं तो म्हणाला.

“बाबा, दुपारी जरा पडत जा तुम्ही.”

“मी झोपलो तर बघणार कोण?”

मंगळवारी, त्याच वेळी, ते आणखी खाली आलं. पोटाची दारं उघडी होती, आत काहीच नव्हतं. बुधवारी चाकं अर्धी बाहेर आली. हजारो विमानं उतरताना पाहिलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. ते उतरायला येत होतं. इथं धावपट्टी नव्हती. एक घर होतं, त्यात एक पलंग. आणि मालवाहू रिकामं उतरतं ते काहीतरी न्यायलाच.

त्या संध्याकाळी चाकोबांनी ट्रंकेच्या तळातून लाल बावटा काढला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो मागून घेतला होता.

गुरुवारी चार वाजता ते गच्चीवर उभे होते. खालून रेडिओतली खूण ऐकू येत होती.

विमान टेकडीवरून आलं. सरळ, संथ, नियमाप्रमाणे.

चाकं पूर्ण बाहेर होती.

“चाकं खाली,” सवयीनं ओठ बोलून गेले.

आणि चाकोबांनी बावटा वर केला.

लाज वाटत होती. तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.

विमानाचं नाक वर झालं. काचेमागे कुणीतरी हात उंचावला, ओळखीच्या माणसाला करतात तसा. पोट डोक्यावरून गेलं. वारा आला नाही.

डावीकडे वळून ते टेकडीमागे गेलं.

एका फेरीला सहा मिनिटं लागतात. चाकोबांनी घड्याळ पाहिलं. सहा झाली. दहा झाली. आभाळ रिकामं होतं.

“बाबा, खाली या! आई बोलली!”

ते धडपडत जिना उतरले. बायको उशीला टेकून बसली होती. लेक हसत होती आणि रडतही होती. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ होते.

“होती का चाकं?”

“नव्हती,” चाकोबा म्हणाले. दिवसभरातलं हे दुसरं खोटं.

“मग परत येईल,” ती म्हणाली. चाक बघणाऱ्याची बायको, तिला हे ठाऊकच होतं.

चाकोबा खुर्चीत बसले. तिचा हात हातात घेतला. तो आता गरम होता, आणि त्यांना एवढा आनंद झाला की बराच वेळ दुसरं काही सुचलंच नाही. लेक डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेली. रेडिओतली खूण अजून थांबली नव्हती.

“अहो,” बायको म्हणाली, “सारखं बोट काय दाबताय? दुखतंय मला.”

चाकोबांनी खाली पाहिलं आणि तिचा हात सोडून दिला. त्यांचं बोट खुर्चीच्या दांड्यावर चालूच राहिलं. एक लांब, दोन आखूड, दोन लांब.