सागरलक्ष्मी मंगल कार्यालयात

निलांबरीने ‘सागरलक्ष्मी’ला फोन लावला आणि पलीकडून सनई ऐकू आली.

‘सागरलक्ष्मी’ ही तिच्या बाबांची होडी. पहाटे बाबा ती घेऊन समुद्रावर गेले, तेव्हा दोर निलांबरीनेच सोडला होता. आता दहा वाजले होते आणि बंदरावरच्या मोठ्या फलकावर लाल अक्षरं झळकत होती: दुपारी एकपासून वादळी वारे, सर्व होड्यांनी परतावे. अशा वेळी भर समुद्रात सनई कोण वाजवत बसेल?

फोन उचलला होता हेमंतकाकाने. तो डोंगरातल्या एका मंगल कार्यालयात मित्राच्या लग्नाला गेला होता.

“अगो, मगासपासून हा भोंगा वाजतोय,” तो कुजबुजला. “मंगलाष्टकं चालली होती, म्हणून बंद केला.”

निलांबरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वादळाचा इशारा बाबांकडे न जाता काकाच्या खिशात वाजला होता, आणि या शहाण्याने तो बंदही करून टाकला होता!

ती धावतच बंदर कचेरीत शिरली. तिथला यंत्रमानव लांबुडका आणि सडपातळ, म्हणून मुलं त्याला बोंबील म्हणत. बोंबीलने शांतपणे नकाशा दाखवला. बाकीच्या होड्यांचे ठिपके समुद्रातून बंदराकडे सरकत होते. ‘सागरलक्ष्मी’चा ठिपका मात्र डोंगरात होता आणि त्याच्यापुढे हिरवी खूण होती: जमिनीवर, सुरक्षित.

“होडी डोंगरावर कशी चढेल रे?” निलांबरी ओरडली. “तुला कोणी अक्कल दिली नाही का?”

“मला होडी दिसत नाही,” बोंबील म्हणाला. “मला तिचं सिम दिसतं.”

त्याचा तो थंडपणा पाहून तिला आणखीच चीड आली. आधी ड्रोन पाठव, मग काय शिकवायचं ते शिकव, असं तिने बजावलं. बोंबील म्हणाला, पाठवतो, पण कुठे? समुद्र केवढा मोठा. तेव्हा निलांबरीने बाबांची जागा सांगितली, कोळ्यांच्या पद्धतीने. होडीतून पाहताना देवळाचा कळस दीपगृहाच्या मागे दडला पाहिजे आणि काळा खडक टेकडीच्या टोकाखाली आला पाहिजे. बोंबीलने नकाशावर या दोन रेषा ओढल्या. त्या जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिकडे ड्रोन निघाला. पोचायला वीस मिनिटं लागणार होती.

ती वीस मिनिटं निलांबरी येरझाऱ्या घालत होती. शेवटी तिनेच विचारलं, की होडीचं सिमकार्ड तर बाबांच्या फोनमध्ये आहे, मग फोन काकाकडे कसा लागला?

बाबा आणि काका एक दिवसाआड समुद्रावर जात. होडीचा नंबर एकच. त्याचं कार्ड एका पत्र्याच्या डबीत असे आणि ज्याची पाळी असेल तो ते आपल्या फोनमध्ये घाली. घरी वायफाय असल्यामुळे एरवी दोघांचंही त्यावाचून अडत नसे.

बोंबील सांगू लागला, “सिममध्ये (ओळख पटवणाऱ्या चिपमध्ये) एक गुप्त किल्ली असते. फोन सुरू केला की मोबाइल कंपनी आपल्या मनोऱ्यामार्फत तिला दर वेळी नवं गणित घालते. चिप त्या किल्लीने गणित सोडवते आणि फक्त उत्तर पाठवते. किल्ली कधीच बाहेर येत नाही. उत्तर जुळलं की कंपनी म्हणते, हाच तो नंबर.”

“मग काकाने काय केलं?”

“काल त्याने नंबर ई-सिमवर (फोनमध्येच पक्क्या बसवलेल्या चिपवर) घेतला. त्या चिपमध्ये कंपनी इंटरनेटवरून नवी किल्ली उतरवते. पण एका नंबरची एकच किल्ली जिवंत राहते. त्याच क्षणी डबीतलं कार्ड मेलं.”

मेलेलं कार्ड दिसायला अगदी पहिल्यासारखंच. समुद्रावर रेंज नेहमीच जाते, म्हणून बाबांना संशयही आला नसणार. निलांबरीने मुठी आवळल्या. काकाने घरात कोणाला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर होडी दिसली. ड्रोनने भोंगा वाजवून इशारा ऐकवला. बाबांनी वर पाहिलं, खिशातून फोन काढून पाहिला आणि भराभर जाळं ओढायला घेतलं. पाऊण वाजता ते धक्क्याला लागले, तेव्हा वाऱ्याने निलांबरीच्या वेण्या उडत होत्या. ती बाबांना बिलगली, पण तिचा राग काही उतरला नाही.

दुपारी काका आला. सुई घेऊन दर पाळीला ते चिमुकलं कार्ड काढायचा कंटाळा आला होता, दोन्हीकडे चालेल असं वाटलं, असं पुटपुटला. मग हे ई-सिमच वाईट म्हणाला.

“ई-सिम वाईट नाही. तू न विचारता केलंस ते वाईट,” निलांबरी म्हणाली. बाबांनी तिला गप्प केलं नाही.

कोणतं सिम बरं, हे बाबांनी बोंबीलला विचारलं. तो म्हणाला, कार्ड हातोहात देता येतं आणि एक फोन बिघडला तर लगेच दुसऱ्यात चालतं, पण ते हरवतं आणि त्याच्या खाचेत खारं पाणी शिरतं. ई-सिमला खाच नसते, चोराला ते काढून फेकता येत नाही, पण हलवायचं तर इंटरनेट लागतं आणि कंपनीची परवानगीही. “म्हणून आधी ठरवा,” बोंबील म्हणाला, “नंबर कोणाचा आहे?”

“होडीचा,” निलांबरी ताडकन म्हणाली. “मग चिपही होडीतच बसवा. बाबा जावोत नाहीतर काका, नंबर होडी सोडून जाणारच नाही.”

बोंबीलला ते पटलं. चिप आत असलेली बंद पेटी सुकाणूजवळ बसवता येईल आणि पुढे बंदरातल्या सगळ्याच होड्यांना, असं तो म्हणाला. शिवाय होडी डोंगरावर दिसली तर यापुढे तो आधी चौकशी करणार होता.

आठवड्याने पेटी आली. काकाने स्वतःच्या हाताने आपल्या फोनवरून नंबर पेटीत पाठवला. ते होईपर्यंत निलांबरी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी होती.

मग तिने ‘सागरलक्ष्मी’ला फोन लावला. काकाचा खिसा गप्प राहिला. रिंग धक्क्याला बांधलेल्या होडीतून आली.